अर्ध्या गुणाचा उशीर

तुंगार्ली, लोणावळा
१६ मार्च २०२५

प्रिय अपेक्षा हिस,

सप्रेम जयभीम, वि. वि. अत्र कुशलम्. तत्र काय चाललंय ते सविस्तर कळवणे.

फोन असताना पत्र कशाला, असं पोस्टातल्या बाईंनी यंदाही विचारलं. मी त्यांना सांगितलं, की फोनवर तू जेवलात का विचारतेस, मी हो म्हणतो, सांची नुसतं हं म्हणते आणि तेवढ्यात तुझ्या धडगावच्या डोंगरात रेंज जाते. यात संसार कुठे बसतो? त्या हसल्या आणि पाकिटाचं वजन केलं.

तर बाई, दरवर्षीप्रमाणे तू आश्रमशाळेतून नंदुरबारला उतरलीस, बारावीचे रसायनशास्त्राचे गठ्ठे पुढ्यात घेऊन. तुमच्या विषयातली ती अर्धा-अर्धा गुण वाटण्याची पद्धत मला या वयातही पटत नाही. आमच्या संस्कृतात धातूचं रूप पाठ असतं किंवा नसतं. अर्धं बरोबर रूप मी आजवर पाहिलेलं नाही. तुमच्याकडे मात्र पोरानं नुसतं सूत्र लिहिलं की अर्धा, त्यात आकडे भरले की अर्धा, उत्तर चुकलं तरी सहानुभूतीचा अर्धा. तू परीक्षक आहेस की अन्नछत्र चालवतेस? जरा कडक हो.

सांचीच्या अकरावीच्या परीक्षा चालू आहेत. तुझ्यासारखीच पेन चावते. मी मागच्या दारात लावलेला कढीपत्ता जगला आहे. बाकी घर जागच्या जागी आहे. फक्त तुझ्या बाजूच्या खिडकीचा पडदा कोणी ओढत नाही, त्यामुळे सकाळी ऊन थेट उशीवर येतं. ओढायला हरकत काहीच नाही. हात जात नाही.

कळावे. लोभ भरपूर आहे, तो खर्चायला माणूस पाठव.

तुझा,
सत्यम

नंदुरबार
२२ मार्च २०२५

प्रिय सांचीच्या बाबांस,

सप्रेम जयभीम, वि. वि. तुमचं पत्र पोचलं. केंद्रावर फोन बाहेरच्या पेटीत ठेवावा लागतो, पत्र मात्र मला आत नेता आलं आणि मधल्या सुट्टीत दोनदा वाचलं.

अन्नछत्राबद्दल. गुरुजी, आम्ही आमच्या मनानं काही वाटत नाही. तपासणीच्या आधी सगळ्या परीक्षकांची सभा होते. नमुना उत्तरं समोर ठेवून एकेका पायरीला किती गुण, ते ठरतं. मग सगळ्यांनी त्याच काही उत्तरपत्रिका तपासायच्या आणि आकडे ताडून बघायचे. एकाच उत्तराला कोणी एक दिला, कोणी अडीच. यंदा आमचे नियामक वळवी सर आहेत, म्हणजे आमचं तपासलेलं पुन्हा तपासणारे. त्यांनी सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले. ते वाचून आम्ही सगळे एका मापावर आलो.

आणि चुकलेल्या उत्तराला गुण का, तेही सांगते. विजेच्या धारेनं भांड्यात किती तांबं साठेल, असा एक प्रश्न आहे. पोरगं मिनिटांचे सेकंद करायला विसरलं, तर पहिल्या पायरीचा गुण गेला. पण पुढचं सगळं गणित त्यानं आपल्या चुकीच्या आकड्यावरून बरोबर केलं असेल, तर पुढचे गुण द्यायचे. एका चुकीची शिक्षा एकदाच. तुमच्या धातुरूपांना ही दयामाया ठाऊक नाही, म्हणून तुमच्या वर्गात पोरं कमी.

रजा मंजूर झाली! अकरा एप्रिलच्या रात्रीची गाडी, बाराला पुण्यात. या नोकरीत आल्यापासून भीमजयंतीला मी एकदाही आपल्या गावी, वराळ्यात नव्हते. सांचीला सांगा, तिचं भाषण मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार. सतरा तारखेला मात्र शाळेवर हजर राहायचं आहे.

इथे पारा चढतो आहे. दुपारी पंख्याखाली कागद उडतात, म्हणून पंखा बंद. घाम कागदावर पडू नये म्हणून मी मनगटाला रुमाल बांधते. तळ्यावरून येणारा आपल्या तुंगार्लीचा वारा आठवतो आणि मग मी पुढचा पेपर उघडते.

पडदा ओढत जा. लोभ आहे, तो बरोबर घेऊनच येते.

तुमची,
अपेक्षा

तुंगार्ली, लोणावळा
२८ मार्च २०२५

प्रिय अपेक्षा हिस,

सप्रेम जयभीम, वि. वि. रजेची बातमी मी सांचीला जेवताना सांगितली. तिनं हं म्हटलं. पण हा हं वेगळा होता. नंतर खोलीचं दार लावून भाषण मोठ्यानं म्हणत होती. दाराबाहेर उभा राहिलो तर थांबली आणि आतूनच म्हणाली, की बाबा, तुमची सावली फटीतून दिसते.

परवा वराळ्याला जाऊन आलो. सविता वहिनींनी आत्तापासून तुझ्यासाठी पांढरी साडी काढून ठेवली आहे. विहाराला रंग चालू आहे, रंगावरून दोन तट पडले आहेत. गोरखकाका अजूनही मला भटजी म्हणतात. अख्ख्या आळीत संस्कृत शिकलेला मी एकटा, त्याची ही कायमची शिक्षा. यंदा त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, की भटजी, तुमची मास्तरीण हाय तरी का, का तुमीच पत्रं लिवून सोताला धाडता? मी म्हटलं, चौदा तारखेला प्रत्यक्ष दाखवतो. विठामावशींचं म्हणणं, सुनंला बगून लय दिस झालं, आता फोटूसुदिक वळखू यीना.

तेव्हा माझी अब्रू तुझ्या हाती आहे. कामशेतहून नवा इंद्रायणी तांदूळ आणून ठेवला आहे. तुझ्या त्या पायरीपायरीच्या न्यायावर मी विचार केला. पटला, असं एवढ्यात म्हणणार नाही. माझ्याच वर्गात पोरं कमी, हे वाक्य मात्र जिव्हारी लागलं आहे, त्याचा हिशोब समोरासमोर.

काल मी पडदा ओढला. मग खोली फारच अंधारी वाटली, म्हणून पुन्हा उघडला.

कळावे. लोभ वाढवण्यास आता घरात जागा नाही, लवकर ये.

तुझा,
सत्यम

नंदुरबार
४ एप्रिल २०२५

प्रिय सांचीच्या बाबांस,

सप्रेम जयभीम, वि. वि. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्या शेजारी सांची असते.

तपासून झाल्यावर आम्ही प्रत्येक पेपर पुन्हा एकदा चाळतो. आतलं एखादं पान तपासायचं राहिलं नाही ना, आतले गुण मुखपृष्ठावर बरोबर उतरले ना. ते करताना काल दोन गठ्ठ्यांतले दोन पेपर शेजारी शेजारी उघडे पडले. दोघांत तोच तांब्याचा प्रश्न, दोघांनी सेकंद करायचं विसरलेलं, पुढचं दोघांचं सारखंच बरोबर. एकाला मी दोन दिले होते. दुसऱ्याला अर्धा.

मग मागचे गठ्ठे काढले. पहिला ठीक आहे. त्यानंतरच्या चार गठ्ठ्यांत मी सगळीकडेच कडक झाले आहे. इंग्रजी स्पेलिंग चुकलं म्हणून कापलंय, एकक विसरलं तर दोनदा कापलंय. पुढे पुन्हा मापावर आले, का ते माझं मलाच कळलं नाही. हे चार गठ्ठे कोणत्या आठवड्यातले ते पाहिलं. तुमचं अन्नछत्राचं पत्र आलं, त्या. रागावू नका, मी तुम्हाला दोष देत नाही. पत्र मला आवडलं होतं, म्हणूनच ते डोक्यात बसलं असणार.

वळवी सरांनी त्या गठ्ठ्यांतले नमुन्याचे पेपर बघून सही केलेली आहे. त्यांच्या हाती आलेल्यांत हा घोटाळा नेमका नव्हता. मी त्यांच्याकडे गेले नसते तर कोणालाच कळलं नसतं. मी गेले. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, बाई, हा प्रकार सगळ्यांचा होतो, फरक दोन-तीन गुणांचा, त्यासाठी बांधलेलं सोडायचं का ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या कोणाला द्या म्हटलं तर म्हणाले, तिसऱ्याचं माप तिसरंच निघेल. ज्या हातानं कापलं त्याच हातानं सारखं करायला हवं. आणि घाईनं केलं तर ही चूक काढून दुसरी घालाल.

नीट करायचं तर पंधरा तारीख उजाडेल. अकराची गाडी जाते. रजा पुढे सरकत नाही. सतराला शाळेत हजर राहायचंच आहे.

त्या चार गठ्ठ्यांतल्या कोणाचंही नाव मला माहीत नाही. गाव माहीत नाही. सांचीचं मात्र सगळं माहीत आहे. तिचा भाषणाचा कागद थरथरेल, हेसुद्धा. तुम्ही म्हणालात तर मी येते. खरंच येते. तुम्ही काय ते लिहा, फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला तर मी गाडीत बसेन.

लोभ असू द्या. या वेळी मागून घेते आहे.

तुमची,
अपेक्षा

तुंगार्ली, लोणावळा
७ एप्रिल २०२५

प्रिय अपेक्षा हिस,

सप्रेम जयभीम, वि. वि. तुझं पत्र आज दुपारी आलं. मी तळ्यापर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. राखणदारानं विचारलं, की सर, काय हरवलं का?

ये, असं लिहायला घेतलं होतं. तो कागद चांगला लांब झाला होता, त्यात युक्तिवाद होते. एकूण निकाल असा, की दोन-तीन गुणांनी कोणाचं आयुष्य बिघडत नाही. मग आठवलं, माझ्या बी.एड.च्या प्रवेशाला मी दीड गुणानं आत होतो आणि माझ्या मागचा मुलगा बाहेर. तो कोण होता, मला कधीच कळलं नाही. तिथेच तू भेटलीस. कागद फाडला.

तू तिथेच थांब. सावकाश तपास. आणि कडक होण्याचा माझा सल्ला मी मागे घेतो. तो मुळातच लिहायला दुसरं काही नव्हतं म्हणून दिलेला होता. तू दूर असलीस की मला विनोद सुचतात, जवळ असलीस की गरज पडत नाही.

सांचीला मी सांगितलं. ती हं म्हणाली नाही.

गोरखकाकांचं मी बघून घेईन. हे पाकीट स्पीड पोस्टानं टाकतो आहे, अकराच्या आत तुला मिळावं म्हणून. कारण बाराला सकाळी मी स्टेशनवर जाणार नाही, हे मला स्वतःलाही सांगायचं आहे.

कळावे. लोभ आहे, आणि त्याला सध्या काही काम नाही.

तुझा,
सत्यम

वराळे
१५ एप्रिल २०२५

आई,

जयभीम. बाबा म्हणतात पत्राला मायना हवा. मला येत नाही.

मी तुझ्यावर चिडले आहे, हे आधी लिहिते. काल भाषण झालं. कागद थरथरला, पण मी तो खाली ठेवला आणि पाठ होतं ते बोलले. मध्ये एक परिच्छेद विसरले. कोणाला कळलं नाही, तुला कळलं असतं. सविता काकूंनी पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी ठेवली होती. मला तिकडे बघायचंच नव्हतं, तर सारखं तिकडेच लक्ष जात होतं. शेवटी विठामावशी पाय दुखतात म्हणून तिच्यावर येऊन बसल्या. मला इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं.

गोरखआजोबांनी बाबांना काहीच चिडवलं नाही. स्वतःच्या ताटातला लाडू त्यांच्या ताटात टाकला. बाबा त्यावर एकही विनोद करू शकले नाहीत.

घरी येताना मी बाबांना म्हटलं, की आईला दुसऱ्यांची मुलं जास्त. ते म्हणाले, पुढच्या वर्षी तूही कोणाच्या तरी गठ्ठ्यात दुसऱ्यांची मुलगी असशील. मला हे आवडलं नाही, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. माझा पेपर बघणाऱ्या बाईंना घरी जायची घाई असली तर? एखादी चूक त्यांच्या हातून झाली आणि त्यांना पेपर परत काढायचा कंटाळा आला तर? मला कधी कळणारच नाही ना?

तुझे गठ्ठे झाले का? एवढंच सांग.

सांची

धडगाव
२० एप्रिल २०२५

चि. सांचीस,

अनेक आशीर्वाद. मायना मी घालते, तू चिडून घे.

गठ्ठे झाले. पंधराच्या संध्याकाळी बांधून दिले. वळवी सरांनी मधूनमधून पेपर काढून पाहिले आणि या वेळी चष्मा पुसला नाही. कोणाचे दोन वाढले, कोणाचा दीड, बऱ्याच जणांचा काहीच नाही. चौदा तारखेला मी दुपारी तासभर काम थांबवलं. तुझ्या भाषणाची वेळ मला बाबांनी सांगितली होती. केंद्राच्या पायरीवर बसून होते. कोणता परिच्छेद विसरलीस, ते मला कळव. तो मला लिहून पाठव, मी इथे मोठ्यानं वाचेन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, तुला कधीच कळणार नाही. पेपर कुठे गेला, कोणी पाहिला, परत काढला की नाही, काहीच नाही. तसंच असायला हवं.

पण एक गोष्ट कळवायची आहे, बाबांनाही वाचून दाखव. ज्याचं मूल त्या वर्षी परीक्षेला बसतं, त्याला त्या वर्षी परीक्षकाचं काम करता येत नाही. तसं लिहून द्यावं लागतं. तू बारावीला आहेस, म्हणून पुढच्या मार्चमध्ये माझ्यापुढे एकही गठ्ठा येणार नाही. मी रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेवला आहे. पुढच्या भीमजयंतीला पहिल्या रांगेत मी असेन, विठामावशींना दुसरी खुर्ची द्या.

त्या दिवसांत तुझा पेपर कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी बाईंच्या पुढ्यात असेल. त्यांच्याही घरी कोणी त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलं असेल. त्या घरी उशिरा पोचल्या, तर त्यातला थोडा उशीर तुझा असेल.

अभ्यास कर, मिनिटांचे सेकंद करायला विसरू नकोस. बाबांना पडदा ओढायला सांग.

तुझी,
आई