नायनायचं मटण आणि माझा श्रावण

रविवार, ३ ऑगस्ट

सगळ्यांच्या आधी आली ती शुयीची आजीच! नात अजून गाडी लावत होती, आणि ही बाई डबा छातीशी धरून दारात हजर. एवढीशी उंची, पण चाल बघावी! नकुलनं बजावलं होतं — तिला नायनाय म्हणायचं, म्हणजे चिनी भाषेत आजी. शुयीला आईबापामागं हिनंच वाढवलं. ही हो म्हणाली तरच नकुलचं, माझ्या नातवाचं, तिच्याशी लग्न. शुयी देखणी आहे. दात जरा पुढं, पण माझेही होतेच की.

डबा उघडला — तळहाताएवढ्या, जाड, पांढऱ्या रोट्या, तव्यावर भाजलेल्या, मध्ये चिरून आत मटण ठासलेलं. त्यांच्या गावी गाड्यावर मिळतात म्हणे, आपल्या वडापावासारख्या. इथं अमेरिकेत, ईडन प्रेरीत कुठला आलाय गाडा! वास असा सुटला, काय सांगू! शुयी म्हणाली, "तुम्ही बोकड खाता ना, म्हणून नायनायनं मुद्दाम बोकडाचं केलं."

आणि आमचा श्रावण! नकुल गाढव, 'आमच्याकडे सगळे नॉनव्हेज खातात' एवढंच सांगून मोकळा. माझा शैलेंद्र, नकुलचा बाप, माझ्याकडं बघतोय, सूनबाई ताटाकडं. कुणी हात लावला नाही. नायनाय अर्धा चहा टाकून गेली.

सोमवार, ४ ऑगस्ट

उपास. नकुलचं तोंड पडलेलं. "आजी, ती अपसेट झालीये. तिला वाटतंय, तिच्या हातचं आपल्याला चालत नाही." साबुदाणा तसाच झाकून ठेवला.

मटण टाकलं नाही मी. फ्रीजरमध्ये आहे, मटारामागं. पण तिचा डबा इथंच राहिला. रिकामा कसा धाडू?

बुधवार, ६ ऑगस्ट

ज्वारीचं पीठ, तवा आणि झुणका घेतला, नकुलच्या गाडीतनं थेट तिच्या घरी. सूनबाई वीणा मागनं ओरडतेय, "आई, आधी फोन तरी करू!" कशाला? तिच्याच ओट्याशी उभी राहून भाकरी थापली. विजेची शेगडी मेली, त्यावर फुगते कसली — पण फुगली! नायनाय "आय्या!" म्हणाली, अगदी आपल्यासारखं. भाकरी तिच्या रोटीसारखी पोटात चिरली, झुणका भरला, हातात दिली. डबाही भरला.

शुयीला म्हटलं, "सांग तिला — जीभ माझीही चाळवते गं, पण श्रावण पाळते मी. तेवीसला संपतो, सत्तावीसला गणपती बसतात. मधला रविवार आपला!"

खाल्लं सगळं. लग्नाचं मात्र अजून अधांतरीच.

शनिवार, ९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. भात खाली लागला. तिकडनं फोन नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

नकुल जिन्यावरनंच ओरडत आला. नायनायनंही मटण सोडलंय, त्या बुधवारपासनं! म्हणते, विहीणबाईंबरोबरच खाईन. शुयीला पुन्हा विचारायला लावलं — विहीणबाईच म्हणाली ना? हो, विहीणबाईच!

रविवारी, चोवीस तारखेला येतात.