उंबऱ्यावरचे प्रवेश

सर, प्राचार्याच्या खुर्चीची खरी किंमत विचाराल, तर माझ्या नोकरीतले सगळे मे महिने. लोक सुट्टीत लेकरांना मामाच्या गावाला नेतात. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून, मोटारसायकलवर, मोहोळच्या पुढच्या वस्त्यांवर बारावी झालेली पोरं शोधत हिंडलो. त्याआधी सोलापुरात रात्रशाळेत विणकरांची मुलं शिकवली, नातेपुते आणि जेऊरला तासिका तत्त्वावर राबलो, वसतिगृहाचा रेक्टर होऊन आमटीवरून शिव्या खाल्ल्या. मग तुमच्याच हाताखाली, इतिहास विभागात आलो. तिथं पहिल्याच वर्षी कळलं, की वर्गात पोरं नसली तर तुकडी बंद होते आणि आपण दोघंही जादा ठरतो. तुम्ही म्हणायचात, ज्याला शिकायचंय तो येईल. कुणी येत नव्हतं, सर.

एका वस्तीवर म्हातारा बाजेवरून न उठताच म्हणाला, “पोरं गोळा करायला आलाय व्हय? काल एक कॉलेज सायकल देतो म्हणून गेलं. तुमी काय देता?” मी म्हटलं, इतिहास. तो म्हणाला, “त्यो आमच्या घरात लई हाय की.” मी तिथंच बसलो, चहा प्यालो, त्याच्या भावकीची भांडणं ऐकली आणि उठताना नातीचा दाखला घेऊन आलो.

जूनमध्ये बाकं भरली. तुम्ही तास घेऊन आलात, हातावरचा खडू झटकलात आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलंत, “तू अध्यापक आहेस की एजंट?” सगळे हसले. मीही हसलो; हसता येतं म्हणून तर इथवर आलो. पण माझे कान तिखट. पार्टिशनपलीकडं तुम्ही क्लार्कला म्हणालात, “हा प्राचार्य होईल बघा. तिथं वाचावं लागत नाही.” त्या भरल्या वर्गापुढं तुम्ही निवृत्तीपर्यंत मानानं उभे राहिलात. निरोपाच्या भाषणात माळ्याचेसुद्धा आभार मानलेत. माझं नाव आलं नाही.

तुम्ही जाऊन वर्षं लोटली. तुमचं भाकीत खरं झालं. पण आजूबाजूला इतिहासाचे वर्ग बंद पडत असताना तुमचा विभाग मी जिवंत ठेवलाय, हेही ऐका. प्राचार्य असूनही मेमध्ये मी स्वतः जातो. उंबऱ्यावर बसून सांगतो, पुण्याला कशाला पाठवता, आपल्या कॉलेजसारखं शिक्षण तिथं मिळायचं नाही. माझ्या एका शब्दावर लोक लेकी पाठवतात. हे तुम्हाला तोंडावर सुनावायचं राहून गेलं, म्हणून इतकं लिहिलं. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच आहे.

यंदा माझी धाकटी बारावी झाली. तिला इतिहासच घ्यायचा होता. एकदा म्हणाली, “बाबा, तुमचा वर्ग बघायला येऊ का?” मी दुसरंच काही बोलत राहिलो. परवा तिला पुण्याला सोडून आलो. आपलं कॉलेज मी तिला सुचवलंच नाही.