फ्रिजमधला भोपळ्याचा लेप

प्रणिता,

फ्रिजमधल्या वाटीतला तुझा भोपळ्याचा लेप मी लावला. सगळा संपला. भोपळा भाजीत घालायचा असतो, तोंडाला फासायचा नसतो, असं काल तुला फटकन बोलले, ते मागे घेते. उरलेली फोड उकडून ठेवलीय. दही-मध तूच घाल, तुझं प्रमाण मला ठाऊक नाही.

खालच्या श्यामला अक्कांबरोबर हेब्बाळच्या तळ्यावर फिरायला जातेय.

आणखी एक. तोंड धुऊन आरशात पाहिलं, तर कपाळ अगदी ओकंबोकं वाटलं. तुझ्या सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली. तुझ्या पाकिटातली टिकली घेतलीय, लहानशीच.

वेदांतला आधी सांगू नकोस. ऑफिसातून घरी आला की त्याचं त्याला दिसू दे.

— आई