घरच्या घरी पिवळा पट्टा

५ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून कराटे. वय सत्तेचाळीस, पण तो मुद्दा नाही. पोहणं मी पुस्तकावरून शिकलो (पाणी नंतर आलं). नळदुरुस्ती नळ उघडून शिकलो. गुरू आळशांना लागतो. तरीही कन्येच्या आग्रहाखातर तिच्याच क्लासला गेलो. ती तिथे दोन वर्षं जाते, तिच्या कमरेला नारिंगी पट्टा. मला पांढरा दिला. इथवर ठीक.

पण क्लासचा नियम असा, की पांढऱ्या पट्ट्याने वरच्या सगळ्यांना ताई किंवा दादा म्हणायचं. वय विचारायचं नाही. सरांनी मला कन्येपुढे उभं केलं. म्हणाले, वाका आणि म्हणा, ताई, शिकवा.

मुलगी तेरा वर्षांची. तिच्या दुधाच्या बाटल्या मी उकळल्यात.

घसा बसलाय असं खुणेने सांगून घरी आलो.

६ फेब्रुवारी, मंगळवार

निर्णय झाला. क्लास बंद, सराव घरी. कारण एवढंच, की क्लासची गती संथ आहे. पिवळ्यापासून पुढचे लोक एकमेकांना नावाने हाक मारतात. एप्रिलमध्ये परीक्षा आहे. त्यात पिवळा पट्टा घ्यायचा, की तो ताईचा विषय कायमचा मिटला.

सरांना फोन केला. म्हणाले, परीक्षेला बसा की, पण अधूनमधून क्लासला येत जा. पहिलं अर्धं वाक्य पटलं.

११ फेब्रुवारी, रविवार

वजनमापं तपासण्याची नोकरी, त्यामुळे कोनांशी तडजोड नाही. कपाटाच्या आरशासमोर कोनमापक घेऊन गुडघ्याचा कोन मोजला. बरोबर निघाला. मात्र कोनमापक वाचायला खाली वाकलो आणि त्याच कोनात राहिलो. बायकोने येऊन उभं केलं.

संध्याकाळी लाथेचा सराव. दोनदा पडलो. शंका आली म्हणून उतार मोजायची पाणपातळी आणून फरशीवर ठेवली. बुडबुडा स्पष्टपणे बाल्कनीकडे सरकत होता. हॉलला उतार आहे, असं हिला दाखवलं. ही म्हणाली, नाचता येईना... पुढचं मी ऐकून घेतलं नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

उतार लक्षात घेऊन सराव बाल्कनीत हलवला. रोज सकाळी, मोजणी जपानी, आवाज पोटातून: इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यू, जू. अर्धी लढाई आवाजानेच जिंकतात, असं माझं निरीक्षण आहे.

‘हाची’ला ही स्वयंपाकघरातून धावत आली. सर्दी झालीय का, वाफ घेता का, म्हणाली. जपानी आठ आहे, असं समजावलं. म्हणाली, आठ असो की ऐंशी, तोंडावर रुमाल धरा.

४ मार्च, सोमवार

अनपेक्षित प्रकरण. खालच्या मजल्यावरच्या काकू दार बडवत आल्या. निवृत्त नर्स, आवाज अजून वॉर्डातला. हिला म्हणाल्या, तुमच्या ह्यांना माझं काय वावडं आहे ते एकदा कळू दे. मी कपडे वाळत घालायला बाल्कनीत आले, की हे वरून ओरडतात, शी! गो! अहो, धुतलेले कपडे आहेत माझे! आणि गो म्हणजे कुठे जाऊ मी?

मी शांतपणे सांगितलं, की शी म्हणजे चार आणि गो म्हणजे पाच. काकू म्हणाल्या, मग चार-पाच म्हणा ना, आम्हाला काय आकडे कळत नाहीत?

कन्या सोफ्याच्या मागे बसून हसत होती. दिसत नव्हती, पण सोफा हलत होता.

५ मार्च, मंगळवार

रात्रभर विचार करून तोडगा काढला. ‘गो’ला एकट्याने काही अर्थ नाही, खरा दोष ‘शी’चा. त्या जागी ‘छान’ घेतलं. दोन्ही तोंडभर येतात, दम तेवढाच लागतो. इची, नी, सान, छान, गो. ‘सान’शी यमकही जुळतं. जपानी लोकांना हे सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

१८ मार्च, सोमवार

सुधारणा अंगवळणी पडली. आता झोपेतसुद्धा तीननंतर छान येतं. खालचं वातावरणही निवळलं आहे. काकू चादर झटकता झटकता वर बघून हसतात. आज त्यांनी नवा गाऊन वाळत घातला होता.

हिचं मात्र बिनसलंय. म्हणाली, सतरा वर्षांत माझ्या एका साडीला छान म्हणाला नाहीत, आणि खाली रोज सकाळी गळा काढून? मी म्हणालो, अगं, चार आहे तो. ही म्हणाली, कळतात हो मला चार.

दुपारच्या डब्यात फक्त पोळ्या.

३१ मार्च, रविवार

परीक्षा पुढच्या रविवारी. कन्या म्हणाली, बाबा, एकदा तरी क्लासला या, परीक्षेत काय काय करायचं असतं ते बघून घ्या. मी म्हणालो, ज्याची तयारी पक्की असते त्याला बघावं लागत नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आदर असावा.

७ एप्रिल, रविवार

घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

पांढऱ्या पट्ट्यांची रांग. मी सोडून सगळे माझ्या कोपराएवढे. कन्या सरांच्या शेजारी, मदतनीस म्हणून. सर म्हणाले, मोजणी सगळ्यात मोठा करेल. संधी चालून आली. पोटातून आवाज काढला. इची! सगळ्यांचा ठोसा. नी! ठोसा. सान! ठोसा. छान!

रांगच्या रांग खाली बसली.

माझ्या आवाजाचा हा परिणाम असावा, असं क्षणभर वाटलं. पण नाही. सरांनी छान म्हटलं, की हात सोडून मांडी घालायची, अशी तिथली पद्धत निघाली. रोज येणाऱ्यांना म्हणे ती माहीत असते.

सरांनी सगळ्यांना उठवलं, पुन्हा मोजा म्हणाले. जपून मोजलं. इची. नी. सान. इथे मी मुद्दाम थांबलो. नेमका शब्द आठवू लागलो. आठवेना. रांग ठोसा ताणून वाट बघत होती. एकाचा हात थरथरायला लागला. कन्या सरांच्या पाठीमागून ओठांनी सांगत होती, शी, शी. त्या अंतरावरून तो शब्द सूचना वाटला नाही, अभिप्राय वाटला. तोंडून गेलं, छान.

पुन्हा सगळे खाली. या वेळी घाबरून मीही बसलो.

८ एप्रिल, सोमवार

निकाल: आवाज खणखणीत, बाकी सगळं पहिल्यापासून. पट्टा पांढराच.

संध्याकाळी क्लासला गेलो. पांढऱ्यांची रांग कन्येकडे सोपवली आहे. ती म्हणाली, मुठी दाखवा. एकेकाची मूठ तपासत माझ्यापर्यंत आली. माझी मूठ हातात घेतली, एकेक बोट उलगडलं आणि आत दडलेला अंगठा बाहेर काढला. हळूच म्हणाली, असं मारलंत तर समोरच्याचं काही बिघडत नाही, आपलाच अंगठा मोडतो. हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

मी म्हणालो, हो.

ती जागची हलली नाही. रांगही थांबली. शेजारची दात पडलेली चिमुरडी कुजबुजली, काका, पुढचं म्हणा ना लवकर, नाहीतर आपल्या सगळ्यांना उठाबशा काढायला लावतील.

लहान मुलांच्या गुडघ्यांचा विचार करून म्हणालो, हो, ताई.

एकदा जीभ वळली की वळली. जेवताना भाजीला मीठ कमी होतं. ताई, मीठ, असं तोंडून निघून गेलं. हिला ठसका लागला. कन्येने मीठ पुढे सरकवलं आणि म्हणाली, पाठ ताठ.

केली.