राजीनामा तेवढा वेळेवर पोचला

प्रिय ताई,

नमस्कार. (वाकून करायचा होता, पण गुडघ्यांची परवानगी नाही.) तुझी कंबर आता कशी आहे? भावोजी गोळ्या वेळेवर घेतात ना? आज केस विंचरताना मागची पायरी आठवली. न्हाऊन आपण दोघी तिथे उन्हात बसायचो, कंगवा एकच, आणि मी गुंता ओढायला लागले की तू तो हातातून काढून घ्यायचीस. "ओढू नकोस गं, टोकाकडून सोडव." आता कंगवा काढून घेणारं कोणी जवळ नाही, म्हणून काय झालं ते सांगते.

तुला माहीत आहेच, डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल मी घरी बसून टाइप करते. यंत्र तुमच्या शेजारच्या रुग्णालयात, बोटं इथे. (भावोजी याला भुताटकी म्हणतात.) मध्यंतरी तिथला सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं काम ओढणारं मुख्य यंत्र, बदलून नवं आणलं. नव्याची नवलाई पहिल्या चहापर्यंतही टिकली नाही. मी अक्षर दाबावं आणि त्याने रुसलेल्या जावयासारखं दारातच अडून राहावं. उमटलं नाही म्हणून पुन्हा दाबावं, तर मागाहून सगळी एकदम यायची. एका सज्जनांना मी नकळत चार गुडघे बहाल केले.

संगणक दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना मी 'बघतो' म्हणते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथेच संपतं. त्यांनी मला वाय-फाय सोडून वायर जोडायला लावली. पडद्यावरचा शोभेचा फोटो हटवायला लावला, खिडक्यांच्या सावल्या बंद, रंग कमी. माझा पडदा धुऊन विटलेल्या चादरीसारखा झाला, वेग तोच. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुमची लाइन तर ठीक आहे. बघतो." मी म्हटलं, "तुम्ही बघत बसा, मी निघते." आणि त्याच तिरमिरीत राजीनामा लिहून पाठवला. खरं सांगू? मला वाटलं होतं, तो पोचेपर्यंत संध्याकाळ होईल, तोवर राग उतरेल आणि वाटेतच परत घेता येईल. पण नव्या यंत्राने चपळाईने केलेलं ते एकमेव काम. विभागप्रमुखांचं "आपली उणीव भासेल" असं उत्तरही लगेच आलं.

दुसऱ्या दिवशी 'बघतो'ने बघितलं. मी काम संपलं की लॉग-आउट करून रीतसर बाहेर न पडता पडद्यावरची खिडकी नुसती मिटते, म्हणजे सकाळी अर्धं वाक्य जिथल्या तिथे सापडतं. (कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, निघताना दार असं लोटावं की आतल्यांना कळूही नये.) विभागातल्या सगळ्या मुलींना मीच तसं शिकवलं. जुना सर्व्हर रात्री आम्हाला गुपचूप बाहेर काढायचा. नव्याला तसं कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळ्या दिवसेंदिवस आतच ठाण मांडून बसलेल्या, आणि येणाऱ्याला टेकायलाही जागा नाही. त्यांनी आम्हाला एकदाचं हुसकावलं आणि सगळं सुरळीत झालं. मला वाटलं ते टोमणा मारतील. पण हळूच म्हणाले, "एक दिवस थांबायला हवं होतं, मॅडम." ताई, त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

घर आता फार शांत आहे. कानात कुणी बोलत नाही. तरी विश्रांती मिळते, मी मजेत आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. मजेत नाही. विभागप्रमुख आणि भावोजी सकाळी एकत्र फिरायला जातात. मेहुणीचा राग निवळला आहे, असं भावोजींच्या तोंडून सहज निघालं तर बघ. (मी सांगितलंय हे कळता कामा नये. भावोजींना नाटक जमत नाही, तेव्हा त्यांनाही कळू देऊ नकोस.)

पुन्हा ता. क. नाहीच जमलं, तर माझं कामाचं सामान तुझ्याकडे पाठवीन. नवे हेडफोन 'बघतो'ला दे, मी त्यांचे कान फार किटवले. पाठीची उशी माझ्या जागी येणाऱ्या मुलीला. हाडांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना काय द्यावं सुचत नाही. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, आणि मी आहे हे त्यांना ठाऊकही नाही. त्यांच्यासाठी त्या मुलीला एवढंच सांग: वाईट काही सांगायचं असलं की ते आधी खोकतात. खोकला अहवालात लिहायचा नाही, पण त्यानंतरचं नीट ऐकायचं.