दोऱ्याखालचा शेरा

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
मध्यवर्ती अभिलेख कक्ष, तिसरा मजला.

विषय: कार्यालयीन कागदपत्रे पाहण्याच्या टॅब्लेटच्या तुलना अहवालातून अर्जदाराची सही वगळणे, पहारेकऱ्याच्या सेवापुस्तकाचे पान ३१ दोरा उसवून वाचणे व खोली क्र. ४ च्या नोटिशीतील ‘अनधिकृत’ हा शब्द काढणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, पैकी दोन आपल्याकडे गहाळ, एक शेरा मारून परत.

महोदय,

१. अर्जदाराच्या नातीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी आपल्या कार्यालयाने कागद बंद करून टॅब्लेट घ्यायचे ठरवले. अर्जदार या कक्षात चौतीस वर्षे दप्तरी होता. फायली शिवणे, बांधणे आणि मागितली ती काढून देणे हे त्याचे काम. त्याला अक्षर बेचाळिसाव्या वर्षी आले. तोवर तो फायली पुठ्ठ्याच्या रंगावरून आणि गाठीवरून ओळखत असे, आणि चुकीची फाईल त्याने कोणाच्या टेबलावर कधी ठेवली नाही. हे लिहिण्याचे कारण, आपण मागच्या अर्जावर ‘अर्जदारास तांत्रिक ज्ञान नाही’ असे लिहिले आहे.

२. तीन टॅब्लेटची तुलना झाली त्या दिवशी ‘जुना माणूस’ म्हणून अर्जदाराला बोलावले होते. पहिला पोळपाटाएवढा, हातात धरून मनगट भरून येई. दुसरा पातळ, पण पिवळा कागद इतका पांढरा दाखवी की पेन्सिलीचे लिखाण धुऊन निघे. तिसऱ्याला लेखणी होती. समितीने वजन केले, घड्याळ लावले, आणि त्याच आठवड्यात टंकलेले एक कोरे करकरीत परिपत्रक तिन्हींवर उघडून पाहिले. ते छान दिसले. न दिसायला काय झाले? जुनी फाईल उघडून बघा, असे अर्जदार म्हणाला, तेव्हा संगणक विभागाचे साहेब म्हणाले, “काका, चहा घ्या.” अहवालात मात्र ‘जुनी कागदपत्रे सुस्पष्ट दिसतात’ असे आले, आणि खाली साक्षीदार म्हणून अर्जदाराची सही आहे. ती सही चहाच्या हजेरीपटावर केलेली होती.

३. आता पान ३१. अर्जदाराचे मेहुणे या कार्यालयाच्या गोदामावर पहारेकरी होते. कामावर असताना जिन्यावरून पडून गेले. तेव्हाच्या साहेबांनी ‘पत्नीस हयातीपर्यंत खोली क्र. ४ मध्ये राहू द्यावे’ असा शेरा त्यांच्या सेवापुस्तकात लिहून सही केली. पानावर जागा उरली नव्हती, म्हणून डावीकडच्या समासात, उभा लिहिला. पुढे ते पुस्तक शिवायला अर्जदाराकडे आले. अर्जदाराने सुई दोन बोटे आत घातली आणि शेरा दोऱ्याच्या घडीत गेला. सख्ख्या बहिणीचा निवारा त्या ओळीत आहे, हे त्याला कळले नाही, कारण त्याला वाचता येत नव्हते. हा दोष अर्जदाराचा आहे आणि तो लेखी कबूल करीत आहे.
अक्षर आल्यावर त्याने ते पान स्वतः वाचले. अंगठ्याने घडी दाबून धरली की ओळ पुरी दिसे. तेवीस वर्षे प्रत्येक कारकुनाने ती तशीच वाचली. मग आपल्या माणसांनी दोरा न उसवता पुस्तकाचे फोटो काढले. आता अंगठा काचेवर दाबला की पान ३१ जाऊन पान ३२ येते.

४. खोलीत राहण्याचा आधार दाखवा असे आपण कळवले, म्हणून अर्जदाराची बहीण, जिला सारे अक्का म्हणत, आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर गेली. कारकुनाने टॅब्लेट तिच्यापुढे धरून दोन बोटांनी पान मोठे केले. “आजी, नीट बघा, आहे का कुठे तुमची खोली?” अक्का म्हणाली, “मला वाचता येत नाही, बाबा, म्हणून तर तुझ्याकडे आले.” त्याने आणखी मोठे केले. संगणकवाले साहेब मागून म्हणाले, यंत्र खोटे बोलत नाही. मान्य. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्या आठवड्यात खोलीच्या दारावर नोटीस लागली: ‘अनधिकृत रहिवासी’, पंधरा तारखेपर्यंत खोली रिकामी करावी. अक्काने ती शेजारणीकडून वाचून घेतली आणि अर्जदाराला विचारले, “म्हणजे मी इतकी वर्षं चोरून राहिले का रे?” भांडी तिने त्याच दिवशी पोत्यात भरली.

५. अर्जदाराने मूळ पुस्तक पाहायला मागितले. आपण म्हणालात, टॅब्लेटवर दिसते तेवढेच ग्राह्य; मूळ कागद तीस तारखेला यंत्रात कातरायला जाणार. तरी मागितले, तेव्हा एक नमुना दिलात, त्यात लिहिले आहे की मूळ पान पाहण्याच्या अर्जासोबत मूळ पानाची प्रत जोडावी. अर्जदार दोरा उसवायला घरून कात्री घेऊन आला, तर ती फाटकावर काढून घेतली. कागद कातरणाऱ्या कार्यालयाला एका कात्रीचे भय वाटावे, याचे नवल आहे. आपली खुर्ची चारी बाजूंनी फिरते, म्हणून आपल्याला सगळे दिसते, असा आपला समज असावा.

६. तरी, तीस तारखेच्या आत, आपण स्वतः, चार माणसांसमोर, पान ३१ चा दोरा उसवावा आणि शेरा मोठ्याने वाचावा. नोटिशीतून ‘अनधिकृत’ हा शब्द लेखी काढावा आणि तो कागद त्याच दारावर तितकेच दिवस चिकटवावा. अहवालातून अर्जदाराची सही वगळावी. खोली मागत नाही; तिची आता गरज नाही. पुस्तक पुन्हा शिवून हवे असल्यास अर्जदार फुकट शिवून देईल, आणि या वेळी सुई कुठे घालायची ते त्याला वाचता येते.

रीत म्हणून आपला नम्र,
(सही)
निवृत्त दप्तरी
दिनांक: १९

सोबत:
१) खोली क्र. ४ च्या दारावरून सोलून काढलेली नोटीस, मूळ.
२) मृत्यूचा दाखला. पहारेकऱ्याची विधवा, अर्जदाराची थोरली बहीण, वय ८१, चालू महिन्याच्या बारा तारखेस सकाळी खोली क्र. ४ मध्ये वारली.