गिरणीच्या तोंडात मावेल एवढं

अप्पा, तुम्ही होता तोवर सिरसाळ्यात आपल्यापैकी कुणी संगणक पाहिलेला नव्हता, म्हणून आधी तेवढं सांगते. टीव्हीसारखा एक पडदा असतो, त्याच्यापुढं अक्षरांच्या बटणांची पाटी आणि बाजूला एक पत्र्याचं खोकं. सगळं काम त्या खोक्यात चालतं. तुमच्या जावयांनी तो दुकानासाठी घेतला होता. ते गेले, दुकान आम्ही दुसऱ्याला चालवायला दिलं आणि संगणक बीडच्या घरी देवघराशेजारच्या टेबलावर आला. आता मी त्यावर पुस्तकं वाचते. मनात नाही, मोठ्यानं. समोर माईक धरते, आवाज आत साठतो. तो मी बोटाएवढ्या पेनड्राईव्हवर भरते आणि बाजाराच्या दिवशी लिंबागणेशहून येणाऱ्या भाजीवालीच्या हाती देते. ती कमरेच्या पिशवीत घालून माझ्या नणंदेला पोचवते. साखरेच्या आजारानं नणंदेची नजर गेली. नजर गेली तशी घरातल्यांनी तिच्याशी बोलायचंही कमी केलं. गोष्ट यायच्या दिवशी मात्र ती सकाळीच वेणी घालून बसते, असं भाजीवाली सांगते.

गेल्या महिन्यात हा संगणक रुसला. बटण दाबावं, पोळ्या लाटायला घ्याव्यात, परत यावं तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं. वाचायला लागलं की मध्येच आवाज तुटायचा. तशीच तुटकी गोष्ट एकदा लिंबागणेशला गेली, तर नणंदेचा फोन आला, "वैनी, तुमचा राजा उंबऱ्यात उभा हाय. आत जा म्हणा की त्याला. पाय दुखले असत्याल त्याचे." मी हसले. ती पण हसली आणि मग हळूच म्हणाली, "न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या. मी आपली पडून ऱ्हाते." हे शेवटचं मला लागलं. पडून राहणारं माणूस पुन्हा उठत नाही, हे मी घरात पाहिलेलं आहे.

लेक अंबाजोगाईच्या दवाखान्यात नर्स आहे. तिचं म्हणणं, "आई, भंगारात दे ते. रविवारी येते, नवा घेऊ." तिचं चुकत नव्हतं. पण रविवारपर्यंत बाजाराचा दिवस येऊन जाणार होता. आणि खरं सांगायचं तर त्या खुर्चीत बसून दुपारभर खुडबुड करणारा माणूस मला अजून तिथं दिसतो. मी म्हटलं, "रविवारला अजून वेळ आहे. तोवर मी बघते." ती म्हणाली, "तू काय बघणार गं?" तेव्हा मला तुमची गिरणी आठवली.

सणाचा आदला दिवस आहे. दारात डब्यांची रांग लागली आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही डबे पोच्यांवरून ओळखायचे. चौथीतून शाळा सुटलेली मी, डब्यांवरची रंगानं लिहिलेली नावं जुळवत जुळवत वाचायला शिकतेय. त्या दिवशी रांग लवकर संपावी म्हणून मी एका डब्यातली सगळी ज्वारी एकदम गिरणीच्या तोंडात ओतली. पट्टा घसरला, रबर जळाल्याचा वास सुटला आणि गिरणी गुं गुं करत थांबली. डबेवाल्या बाईनं टोमणा मारला, "अप्पा, तुमची लेक लई शानी. एका घासात गिरणी गिळली की!" सगळे हसले. तुम्ही हसला नाही आणि हातही उचलला नाही. "कावून घाई करतीस? तिच्या तोंडात मावंल येवढंच घाल. बाकीचं डब्यात ऱ्हाऊ दे. डबा काय पळून जात न्हाई." मग मला मोटारीपाशी बसवलंत आणि ब्रशानं तिच्यातलं पीठ झाडायला लावलंत. गिरणी जड चालायला लागली की लोक म्हणायचे मोटार गेली. तुम्ही मात्र आधी पीठ झाडायचे, मग घास कमी करायचे, आणि एवढ्यानं भागलं नाही तरच मिस्त्रीला निरोप धाडायचे.

मीही तसंच केलं. लेकीला फोनवर घेतलं. ती ओरडली, "आधी प्लग काढ! ओला कपडा लावू नको. मऊ ब्रश आहे का?" मऊ ब्रश घरात एकच होता, ह्यांच्या दाढीचा. कपाटातून काढला. कोरडा ठणठणीत, ते गेल्यापासून त्याला पाणी लागलेलं नाही. खोक्याचा पत्रा सरकवला आणि मला तोंडावर हातच ठेवावा लागला. आतला पंखा कापसानं गच्च भरलेला. अप्पा, मी रोज त्याच टेबलावर वाती वळते. कापूस पिंजायचा, बोटाला राख लावायची, वळायचं आणि संगणक चालूच. उडालेला तंतू न् तंतू तो पंखा आत ओढत होता. वरून, धूळ बसू नये म्हणून मीच विणलेलं लोकरीचं झाकण, तेही चालू असताना तसंच. लेक म्हणाली, "आई, तू त्याला गोधडीत गुंडाळून वाती खायला घातल्या!" आम्ही दोघी इतक्या हसलो की तिच्या वॉर्डातलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. ह्यांच्यामागं आम्ही अशा हसलो नव्हतो.

पंखा बोटानं धरून सगळं झाडलं. मग आतला पसारा. टाकून दिलेल्या फाइली पडद्यावरच्या टोपलीत तशाच पडून होत्या, केर काढून दाराआड लोटावा तशा. टोपली रिकामी केली. जुन्या गोष्टींचे आवाज पेनड्राईव्हवर हलवले. शेवटी लेकीनं एक यादी उघडायला लावली. संगणक चालू होताना त्याच्याबरोबर आपोआप काय काय उठतं, त्याची. त्यात दुकानाच्या बिलांचं होतं. प्रिंटरचंही होतं. प्रिंटर कधीचा मोडीत गेला, तरी त्याचा चाकर रोज सकाळी उठून मालकाची वाट बघत बसलेला. मला तुमचंच बोलणं ऐकू आलं. एकेकाला म्हटलं, तू डब्यात राहा. एकेक बंद केलं.

प्लग लावला, बटण दाबलं. पोळपाट घ्यायला उठले तोच पडदा उजळला. पंख्याचा आवाजही हलका. तुम्ही गिरणीवर हात ठेवून "आता बरी चालतीया" म्हणायचे, तसा मी खोक्यावर हात ठेवला. त्याच दुपारी राजाला उंबऱ्यातून आत नेलं आणि पुढचाही बराच भाग वाचून टाकला. बाजाराच्या दिवशी भाजीवाली पेनड्राईव्ह घेऊन गेली. संध्याकाळी फोन. "वैनी, आत गेला बरं का! पण ती राणी लई खोटारडी निघाली. आता पुढचं कवा? आणि सुनेला म्हटलं, तू बी बस ऐकत. बसली!" रविवारी लेक आली, खुर्चीत बसली, बटण दाबून पाहिलं आणि नव्या संगणकाचं नाव काढलं नाही. वाती आता मी ओसरीत वळते.

हे मी त्याच्यावरच लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, त्यामुळं इथंच राहील. पण तुम्हाला एक सांगून ठेवते, लेकीला सांगितलेलं नाही. यादीतलं एकेक बंद केलं असं मी वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. एक पत्त्यांचा डाव आहे. हे दुपारी एकटेच खेळायचे. संगणक चालू झाला की तो आपोआप उघडतो, पत्ते मांडतो आणि थांबून राहतो. मला तो खेळ येत नाही. तुम्ही म्हणाल, एक घास जास्तीचा झाला. झालाय, अप्पा. पण तेवढा तो गिळतो.